बाबांचा खालचा ओठ

आमच्या घरात छापलेलं जे काही येतं, ते आधी माझ्याकडे येतं. लाइटचं बिल, खताच्या पोत्यावरची बारीक अक्षरं, आईच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट. मी बी.ए., बी.एड. आहे, विषय मराठी वाङ्मय आणि राज्यशास्त्र. पण पदवीला विषय असतो, हे घरात कुणालाच मान्य नाही. पदवी म्हणजे विहिरीचं पाणी. प्यायचंही तेच आणि वांग्याला सोडायचंही तेच. माझ्या आधी घरातलं कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं, त्यामुळे माझी चूक दाखवणारंही कुणी नव्हतं. खरं सांगायचं तर हा मान मला आवडतो. म्हणून धाकट्या बहिणीचं लग्न तीन आठवड्यांवर आलं असताना बाबांची खालची दाढ सुजली, तेव्हा ती दाढही माझ्याकडेच आली.

आमचं गाव हिंगणघाटहून बसनं अर्ध्या तासावर. बाबा आधी कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते, आता घरच्या दीड एकरात वांगी, मेथी, चवळी करतात. पण गावात त्यांची खरी ओळख वेगळी आहे. ते लग्नं लावतात. आमच्या बौद्ध वस्तीत आणि आजूबाजूच्या गावांत, विहारात मेणबत्ती लागली आणि पांढऱ्या कपड्यांतले नवरा-नवरी उभे राहिले, की बाबा वंदना म्हणतात. त्यांच्या मागून ते दोघं म्हणतात आणि त्या दोघांच्या मागून सगळा मांडव. बाबांची शाळा सातवीपर्यंत. पाली त्यांनी आजोबांच्या तोंडून ऐकून उचलली, पण उच्चार असा की शेवटच्या रांगेतल्या बहिऱ्या म्हाताऱ्यालाही अक्षर न् अक्षर पोचावं.

माझं लग्न मात्र त्यांनी लावलं नाही. सासरच्या मंडळींनी नागपूरहून त्यांच्या ओळखीचे एक मोठे अधिकारी आणले होते. ते फार भारदस्त होते आणि त्यांना परत जायची घाई होती. बाबा पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. मी स्टेजवरून पाहिलं, त्यांचे ओठ हलत होते. आवाज न करता ते सगळं म्हणत होते. नंतर त्या विषयावर ते एक शब्द बोलले नाहीत. फक्त बहिणीचं जमलं त्या दिवशी पाहुण्यांसमोर म्हणाले, ‘‘बाकी तुम्ही म्हणसान तसं. लग्न मी लावीन.’’

आम्ही दोघी बहिणीच. म्हणजे बाबांकडे ही एकच वेळ शिल्लक होती, आणि तिच्या तोंडावर दाढ.

पहिले चार-पाच दिवस लवंग, तुरटी आणि कापूर यांत गेले. गाल टमाट्यासारखा झाला. मी हिंगणघाटला शिकवते, सासरही तिथंच. शनिवारी शाळा आटोपून माहेरी आले तेव्हा ओसरीवर बाबांची थोरली बहीण, म्हणजे आमची आत्या, निकाल देऊन बसली होती. ती शेजारीच राहते, आणि तिचे निकाल सहसा फिरत नाहीत.

‘‘दाढ काढाची नाई,’’ आत्या म्हणाली. ‘‘सुई देतेत ते सरळ नसीत देतेत. गिरडकडच्या एका बुवाले देल्ली होती. तोंड असं वाकडं झालं त्याचं. चहा प्याला का अर्धा शर्टावर.’’

‘‘तो लकवा होता, आत्या,’’ मी म्हणाले. ‘‘त्याचा दाताशी काही संबंध नाई.’’

‘‘तू होती का तिथी?’’

मी तिथे नव्हते. पण मी शिकलेली होते आणि अंधश्रद्धेवर मी शाळेत दरवर्षी भाषण करते. मी मोबाइल काढला. म्हटलं, आपण वाचून दाखवू. बाबांचा छापलेल्या शब्दावर विश्वास आहे. माझ्या शिक्षणासाठी सकाळच्या बसपर्यंत मला सायकलवर डबलसीट नेणारा माणूस तो, तेही थंडीत, कानाला मफलर बांधून. त्यांच्यासमोर अर्धवट वाचणं मला पटलं नसतं. म्हणून मी सगळं वाचलं.

दाताच्या कामात देतात ती बधिर करायची सुई अतिशय सुरक्षित असते, असं तिथे होतं. मी ते मोठ्यानं वाचलं. आत्यानं मान फिरवली. मग पुढे असं होतं की जिभेची किंवा ओठाची नस दुखावली जाणं फार दुर्मीळ आहे, तसं झालंच तर बहुतेकांचं काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप बरं होतं, आणि अगदी थोड्यांचा बधिरपणा राहतो. तेही मी तितक्याच मोठ्यानं वाचलं.

बाबांनी गालावरचा हात काढला.

‘‘म्हणजे होते,’’ बाबा म्हणाले. गाल सुजल्यामुळे ते अर्ध्या तोंडानं बोलत होते.

‘‘होते, पण लय म्हणजे लयच कमी, बाबा.’’

‘‘कोणाले तरी होते ना? मंग तो कोणी मीच असलो तं?’’

‘‘महिन्यांत बरं होते म्हणून राह्यली ते,’’ आई म्हणाली. ‘‘लग्न का महिने थांबते?’’

आत्यानं निवांत पाय पसरले. तिला बोलायची गरजच राहिली नव्हती. आजवर तिच्या बाजूनं फक्त गिरडचा बुवा होता; आता एक पदवीधरही होती.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण बाबांनी विचारलं, ‘‘ओठ हालला नाई तं कोणते अक्षरं अडतेत?’’ आणि हा प्रश्न माझ्या विषयातला होता. आयुष्यात पहिल्यांदा घरातल्या कुणी मला माझ्या विषयातलं काही विचारलं होतं. मी आनंदानं सांगितलं, ओठ ओठाला लागल्याशिवाय प, फ, ब, भ, म उमटत नाहीत. यांना ओष्ठ्य वर्ण म्हणतात. बाबांनी डोळे मिटले. मनातल्या मनात ते वंदनेवरून फिरून आले असावेत. त्या वंदनेत ब आणि भ किती आहेत, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

स्वयंपाकघरातून माझी बहीण म्हणाली, ‘‘ताई, तुले थोडं कमी शिकवलं असतं तं माझं लग्न बरं लागलं असतं.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वांगी तोडायला गेले तर बाबा वाफ्यात उभे. दोन बोटांच्या चिमटीत खालचा ओठ घट्ट धरलेला, आणि तशा स्थितीत वंदना चाललेली. जे ऐकू येत होतं ते कोणत्याच भाषेत नव्हतं. वंदना संपवून त्यांनी ओठ सोडला आणि माझ्याकडे पाहिलं.

‘‘समजते का काही?’’

‘‘थोडं थोडं,’’ मी म्हणाले.

‘‘खोटं नको बोलू. तू मास्तरीन आहे.’’

सोमवारी त्यांना ताप आला, आणि आईनं कुणाचंही मत न विचारता त्यांना बसमध्ये बसवलं. मी हिंगणघाटच्या स्टँडवर भेटले. दाताची डॉक्टर तरुण होती, औषधाच्या दुकानावरच्या माडीवर तिचा दवाखाना. तिनं बाबांना ‘‘तोंड उघडा, काका’’ म्हटलं. बाबांनी उघडलं.

‘‘पूर्ण उघडा.’’

‘‘पूर्णच आहे,’’ बाबा म्हणाले.

तिनं दोन बोटं आडवी धरून माप घेतलं. ‘‘खर्रा किती वर्षांपासून?’’

आता हे सांगायला हवं. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून होतो तो खर्रा, आणि आमच्याकडे तो नाश्त्याच्या आधी सुरू होतो. बाबांच्या खालच्या ओठामागे तो जिनिंगच्या दिवसांपासून आहे. लग्न लावताना बाबा वधू-वरांकडून पाच शीलं वदवून घेतात, आणि त्यातलं पाचवं नशा न करण्याचं आहे. ते म्हणण्याआधी बाबा नेहमी विहाराबाहेर जाऊन तोंड स्वच्छ धुऊन येतात. मी कॉलेजात असताना एकदा यावर वाद घातला होता. ते शांतपणे म्हणाले होते, ‘‘खर्रा नशेत येत नाई. खर्र्यानं माणूस पडते का कुठी?’’ त्या ओठामागे रोज चुना आणि तंबाखू ठेवून त्यांनी तो इतकी वर्षं स्वतःच बधिर केला होता. त्या नसेची काळजी घरात कुणीही केलेली नव्हती, गिरडच्या बुवाची गोष्ट सांगणाऱ्या आत्यानंसुद्धा; तिचा स्वतःचा खर्रा बाबांच्याच पन्नीतून जातो.

डॉक्टरनं आधी गोळ्या दिल्या. म्हणाली, सूज उतरू द्या. पू असला की सुईचा असरही नीट होत नाही. बीपी पाहिलं, हृदयाचं काही, शुगर, कोणत्या औषधाची ॲलर्जी, सगळं विचारलं. मग मी माझे प्रश्न काढले. सुईत कोणतं औषध आहे? किती टक्क्यांचं?

‘‘लिग्नोकेन. दोन टक्के.’’

‘‘चार टक्क्यांचं पण एक असतं ना? त्यानं नसेला जास्त त्रास होऊ शकतो, असं काही लोक म्हणतात.’’

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. ‘‘ते दुसरं औषध. ते मी या कामाला वापरत नाही. तुम्ही फार्मसी केलंय का?’’

‘‘नाही. मराठी.’’

‘‘अच्छा,’’ ती म्हणाली, आणि बाबांकडे वळली. ‘‘काका, सुईनं नस मरत नाही. नागपूरचा फोन थोडा वेळ लागत नाही, तसं समजा. लाइन तुटलेली नसते. दोन-चार तासांनी आपोआप लागतो.’’

‘‘आन् नाई लागला तं?’’

‘‘एखाद्याचा उशिरा लागतो. कायमचा न लागलेला मी अजून पाहिला नाही. होत नाही असं म्हणणार नाही. पण ही दाढ अशीच ठेवली आणि पू गळ्याकडे उतरला, तर तुम्ही दवाखान्यात असाल आणि मुलीचं लग्न दुसरं कुणीतरी लावेल.’’

मी वाचून दाखवलेल्या कोणत्याच ओळीनं जे केलं नव्हतं, ते या एका वाक्यानं केलं. ‘‘कव्हा येऊ?’’ बाबांनी विचारलं.

दाढ काढली त्या दिवशी लग्नाला दहा-अकरा दिवस होते. सुई दिल्यावर बाबा म्हणाले, छातीत धडधडते. डॉक्टर म्हणाली, औषधानं दोन मिनिटं होतं तसं, आणि तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तोंड कमी उघडत असल्यामुळे तिला बरीच कसरत करावी लागली, पण दाढ निघाली. बाबांना काही कळलंही नाही. खुर्चीतून उठल्यावर त्यांनी आधी आरसा मागितला.

‘‘ओठ वड्याएवढा झाला ना?’’

ओठ होता तेवढाच होता. त्यांना ते पटेना. आरशातल्या ओठाला बोट लावून म्हणाले, ‘‘हा दुसऱ्याचा वाटून राह्यला.’’

डॉक्टरनं सूचना दिल्या. कापूस अर्धा तास धरून ठेवा. थुंकू नका, चूळ भरू नका. आणि बोट वर करून, ‘‘बधिरपणा उतरेपर्यंत काही चावायचं नाही. खर्रा तर बिलकूल नाही. पन्नी खिशात असेल तर इथंच काढा.’’ बाबांनी पन्नी काढून टेबलावर ठेवली, एखादा गावठी कट्टा पोलिसांसमोर ठेवावा तशी.

परतीच्या बसमध्ये आम्हाला दोघांना जागा मिळाली. कापूस काढून झाला होता. बाबा खिडकीशी, मी शेजारी. थोड्या वेळानं माझं लक्ष गेलं, तर त्यांचे ओठ हलत होते. आवाज नाही, नजर बाहेरच्या कपाशीच्या पऱ्हाटीवर, आणि ओठ सारखे हलत होते. मला माझं लग्न आठवलं, ती प्लास्टिकची खुर्ची आठवली. वाटलं, हा माणूस बधिर तोंडानंसुद्धा वंदनेचा सराव करतो आहे. मी त्यांना अजिबात व्यत्यय आणला नाही. मध्ये त्यांनी रुमाल ओठाला लावला, त्यावर रक्त दिसलं. दाढेचं असणार, असं मी समजले. पूर्ण रस्ताभर मी अभिमानानं त्यांच्या ओठांकडे पाहत राहिले.

घरी आल्यावर परीक्षा सुरू झाली. आत्यानं ओठाला चिमटा घेतला. ‘‘कळते का?’’ नाही. शेजारच्या वहिनीनं चिमटा घेतला. नाही. आईनं नखानं टोचून पाहिलं. गावात पाय बधिर झाला तरी असंच करतात. एवढे हात लागल्यावर पाय घाबरून जागा होतो. संध्याकाळी बाबा एकदम ताठ बसले.

‘‘आला,’’ म्हणाले. ‘‘मुंग्या येऊन राह्यल्या.’’

घरात आनंद झाला. मी आत्याकडे पाहिलं. अर्ध्या तासानं बाबा कळवळायला लागले. दाढेच्या जागेनं नाही, ओठानं. बॅटरी लावून पाहिलं तर खालच्या ओठाची डावी बाजू आतून फाटून निघालेली, दातांच्या खुणा उमटलेल्या, आणि आता खरोखरच वड्याएवढी सुजलेली.

‘‘सांगत होती मी,’’ आत्या म्हणाली. ‘‘सुईनं ओठ खाल्ला.’’

मोबाइलवर सुई ओठ खाते असं कुठेही नव्हतं, आणि ओठ तर समोर खाल्लेला दिसत होता. बहिणीनं हळदीच्या साड्यांची घडी घालणं थांबवलं. बाबांनी एकदा ‘ब’ म्हणून पाहिला, आणि डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी परत म्हणून पाहिला नाही. जेवणं झाली आणि बाबा ओठाला ओला फडका लावून भिंतीकडे तोंड करून पडले. मला एवढंच दिसत होतं की आता पुन्हा कुणी भारदस्त माणूस येणार आणि बाबा पुन्हा खुर्चीवर बसणार.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं आम्ही दवाखान्यात. आत्या सोबत आली, साक्षीदार म्हणून. डॉक्टरनं ओठ उलटून पाहिला, चिमट्याचं टोक इथे तिथे लावून बाबांना विचारलं, कळतं? बाबा दर वेळी ‘‘आई गं’’ म्हणत होते.

‘‘नस ठणठणीत आहे,’’ ती म्हणाली. ‘‘ओठ चावून खाल्लाय.’’

‘‘कोणं?’’ आत्यानं विचारलं.

‘‘काकांनीच. काका, बसमध्ये काही चघळत होतात का?’’

‘‘काईच नाई!’’ बाबा दुखावल्यासारखे म्हणाले. ‘‘पन्नी तं तुमच्यापाशी ठेवली. तोंड रिकामं होतं, म्हणून सवयीनं नुसतं हालवत होतो.’’

मग ते स्वतःच थांबले. तोंडात खर्रा नव्हता, जबड्याला इतक्या वर्षांची सवय होती, आणि खर्र्याच्या नेहमीच्या जागी एक मऊ, जाडसर, न दुखणारी वस्तू होती. ती त्यांनी गावापर्यंत चघळली होती. सूचना त्यांनी अक्षरशः पाळली होती. चावू नका म्हटलेल्या वस्तूंत स्वतःचा ओठ येतो, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. आणि मी शेजारी बसून त्याला वंदना समजत होते.

डॉक्टर हसली नाही, याबद्दल मी तिची आजही आभारी आहे. ती म्हणाली, सुईनंतर जो त्रास आम्ही सर्वांत जास्त पाहतो, तो हाच, आणि तो लहान मुलांत. मलम दिलं, मिठाच्या कोमट पाण्यानं चूळ सांगितली. ‘‘लग्नापर्यंत बराच भरेल.’’

‘‘बराच म्हणजे?’’ बाबांनी विचारलं.

‘‘बोलता येईल. थोडं झोंबेल.’’

ते दिवस बाबांनी दूध-भात खाऊन काढले. खर्रा त्यांनी एकदा लावून पाहिला. चुना जखमेला लागला आणि ते अंगणात गोल फिरून आले. लग्नापर्यंत परत लावला नाही. सराव मात्र सुरू ठेवला. आधी नुसते स्वर, मग हळूहळू बाकीची अक्षरं, आणि ब-भ सगळ्यांत शेवटी, जखमी पायानं पाणी तपासत नदीत उतरावं तसे.

लग्नाच्या दिवशी विहारासमोर मांडव भरला होता. बहीण पांढऱ्या साडीत. मेणबत्ती लागली. बाबांनी माइक बाजूला सरकवला, कारण त्यांना माइक लागत नाही, आणि सुरू केलं. पहिलाच ‘ब’ आला. मी साडीचा पदर मुठीत धरला होता. तो गोल, भरीव, नेहमीसारखा उमटला, शेवटच्या रांगेपर्यंत गेला, आणि सगळ्या मांडवातून परत आला. पुढे एका ठिकाणी भरत आलेली जखम थोडी फुटली. ओठावर लाल ठिपका दिसला. आईनं समोरून पदरानं ओठ पुसायची खूण केली. बाबांनी पुसला नाही. पाचव्या शीलापूर्वी ते तोंड धुवायला बाहेर जातील म्हणून काही जुने लोक सवयीनं थांबले होते. बाबा जागचे हलले नाहीत. त्या दिवशी धुण्यासारखं तोंडात काही नव्हतं. श्रेय कुणाचं, ते मी ठरवू शकलेले नाही, चुन्याचं असावं.

जेवणाच्या पंगतीत मी त्यांना विचारलं, ‘‘बाबा, दुखलं का?’’

‘‘चांगलंच दुखलं,’’ ते खूश होऊन म्हणाले. ‘‘एकेक ब कळत होता.’’

गावात मात्र आत्याचीच गोष्ट टिकली आहे. डॉक्टरनं स्वतः सांगितलेलं ती विसरली, आणि वस्तीतले लोक आता दात काढायला गेले की सांगतात, सुई द्या, पण ओठ खाणारी नको. माझ्याकडे खातरी करून घ्यायला येतात. मी आता मोबाइल काढत नाही. म्हणते, डॉक्टरले विचारा, आणि येताना तोंड बंद ठेवा.

गेल्या महिन्यात बाबांची उजवीकडची दाढ दुखायला लागली. मी जरा दबकतच म्हणाले, वाट नका पाहू, काढून टाकू.

‘‘काढू ना,’’ बाबा लगेच म्हणाले. ‘‘आता घरात कोणाचं लग्न राह्यलं? नस गेली तं गेली.’’ मग थोडं थांबून, खिशातल्या पन्नीवर हात ठेवून, ‘‘पण बसमध्ये चघळाले काही देजो माय, नाई तं हाही ओठ खाऊन टाकीन.’’